विधी महाविद्यालयाचे वर्ग सुरू होण्यापूर्वीचा उन्हाळा कसा वापरावा

सीईटी झाली की कायद्याच्या शिक्षणाकडे निघालेल्या विद्यार्थ्याच्या हाती मोठा मोकळा काळ येतो. बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचे असो किंवा पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएल.बी.ला, महाराष्ट्रात निकाल, महाविद्यालयांचा पसंतीक्रम, केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या आणि प्रत्यक्ष तास यांच्यामध्ये बरेच आठवडे जातात. अनेकदा पावसाळा निम्मा सरेपर्यंत वर्ग सुरू झालेले नसतात. या काळात काय करावे, हे विचारायला दर वर्षी ओळखीपाळखीची मुले-मुली माझ्याकडे येतात आणि बहुतेकांची इच्छा पहिल्या वर्षाची पुस्तके आधीच वाचून संपवावीत अशी असते. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत इतकी वर्षे वकिली केल्यावर आणि कितीतरी नवे वकील हाताखाली घडताना पाहिल्यावर माझा सल्ला ठरलेला आहे. पुस्तके संपवण्याची घाई करू नये. एक पान सावकाश, शब्दाशब्दावर थांबून वाचण्याची सवय या दोन-तीन महिन्यांत लागली, तर पुढची सगळी वर्षे त्या सवयीवर निघतात. ती लागली नाही, तर वकिलीची सनद मिळाल्यानंतरही कलम वाचताना माणूस चाचपडत राहतो.

वाचनाकडे वळण्यापूर्वी कागदपत्रांचे काम हातावेगळे करावे, कारण प्रवेशफेरी सुरू झाल्यावर दाखल्यासाठी धावाधाव करावी लागली तर डोक्यात दुसरे काही शिरत नाही. गुणपत्रिका, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आणि ज्यांना लागू असेल त्यांनी जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला हे सगळे एका फाइलमध्ये लावून ठेवावे. जात वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो, तेव्हा त्याची सुरुवात सर्वांत आधी करावी. नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यावर मुदत छापलेली असते. गेल्या वर्षीचा दाखला चालेल असे गृहीत धरू नये. मध्ये एखादे वर्ष शिक्षणात खंड पडला असेल, तर त्याचे प्रतिज्ञापत्र आताच करून ठेवावे.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर, बारावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधार कार्डावर आपले, वडिलांचे आणि आईचे नाव अक्षरशः सारखे आहे का, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. कायद्याच्या पदवीवरचे नाव पुढे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाच्या नोंदवहीत जाते आणि सनदेवर येते. आज एका अक्षराची दुरुस्ती अर्जावर होते. पाच वर्षांनी त्याच दुरुस्तीसाठी राजपत्रापर्यंत जावे लागते.

सेतू केंद्रात किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज दिल्यावर मिळणारी पावती जपून ठेवावी आणि तिच्यावरची तारीख वाचावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना कालमर्यादा ठरलेली आहे, आणि त्या मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा सबळ कारणाविना नाकारली गेली, तर अपील करता येते. हा अधिनियम लहान आहे, मराठीत मिळतो आणि तुमच्या स्वतःच्या हातातल्या पावतीशी त्याचा संबंध आहे. आयुष्यात पहिल्यांदा वाचायचा कायदा म्हणून याहून सोयीचा मला तरी दुसरा सुचत नाही.

महाविद्यालय निवडताना त्याला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू आहे ना, हे स्वतः तपासावे. त्याच बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के उपस्थितीची अट आहे. नोकरी सांभाळून फक्त परीक्षेला जाऊ असा बेत असलेल्यांनी ही अट आणि आपल्या महाविद्यालयाच्या वेळा समोर ठेवून आताच विचार करावा.

आता पुस्तकांविषयी. पहिल्या वर्षासाठी जाड टीकाग्रंथ, म्हणजे कलमांवर विवेचन करणारी पुस्तके, किंवा गाइड या उन्हाळ्यात विकत घेऊ नयेत. कोणता ग्रंथ घ्यायचा हे शिकवणारे सर किंवा मॅडम सांगतील आणि ग्रंथालयातही तो मिळेल. घ्यायचेच असेल तर एखाद-दुसऱ्या अधिनियमाची नुसती प्रत, म्हणजे ज्याला सगळे बेअर ॲक्ट म्हणतात ती घ्यावी. तीही न घेता इंडिया कोड या शासकीय संकेतस्थळावर केंद्राचे अधिनियम विनामूल्य वाचता येतात आणि भारताचे संविधान मराठीतही उपलब्ध आहे.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्त मिळते म्हणून किंवा शेजारच्या दादाने दिले म्हणून फौजदारी कायद्याचे पुस्तक घेताना मात्र वर्ष पाहावे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. आपण बोलताना ज्याला ‘तीनशे दोन’ म्हणतो, तो खुनाच्या शिक्षेचा विषय आता न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे आणि ‘चारशे वीस’ची फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली आहे. तरीही जुने पुस्तक रद्दीत घालू नये. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू असल्यामुळे न्यायालयात पुढची बरीच वर्षे दोन्ही आकडे कानावर पडणार आहेत, आणि जुन्या निवाड्यांतही जुनीच कलमे असणार आहेत.

सावकाश वाचायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे एका कलमावर करून पाहू. न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे. तिचा आशय असा, की एखाद्या व्यक्तीच्या कब्जातून, तिच्या संमतीविना, जंगम मालमत्ता अप्रामाणिकपणे घेण्याच्या उद्देशाने जो कोणी ती मालमत्ता, तशी घेण्यासाठी, हलवतो, तो चोरी करतो. हे वाक्य वहीत लिहावे आणि त्याचे तुकडे पाडावेत. मालमत्ता जंगम, म्हणजे जमिनीशी जोडलेली नसलेली, हवी. ती कोणाच्या तरी कब्जात हवी. कायदा येथे मालकाचे नावही घेत नाही, कब्जाविषयी बोलतो. संमती नसावी. उद्देश अप्रामाणिक हवा. आणि वस्तू हलवलेली हवी. ती घरी नेणे, विकणे किंवा खाऊन टाकणे यांतले काहीही आवश्यक नाही.

आता शेजारच्या आवारातला आंबा घ्या. झाडाला लटकलेला आंबा जमिनीशी जोडलेला आहे, म्हणून तो जंगम नाही आणि त्या स्थितीत त्याची चोरी होऊ शकत नाही. तो देठापासून तोडला की त्या क्षणी तो जंगम होतो. पण तोडणारा म्हणेल, की मी तोडला तेव्हा तो जंगम नव्हता, मग चोरी कशी? या शंकेचे उत्तर कलमाखालच्या स्पष्टीकरणातच दिलेले आहे: ज्या कृतीने वस्तू जमिनीपासून सुटते, त्याच कृतीने झालेले हलवणेसुद्धा चोरी ठरू शकते. आता त्याच गोष्टीत एक बदल करा. झाड बांधावर आहे आणि तोडणाऱ्याला ते झाड आपल्याच हद्दीत आहे असे प्रामाणिकपणे वाटते. येथे हलवणे आहे, संमती नाही, तरीही अप्रामाणिक उद्देश नसल्यामुळे चोरी होत नाही. ‘अप्रामाणिकपणे’ या शब्दाचा अर्थ कलम ३०३ मध्ये सापडणार नाही. तो संहितेच्या सुरुवातीला, कलम २ मधल्या व्याख्यांत शोधावा लागेल आणि तेथे गैरलाभ व गैरहानी हे आणखी दोन शब्द उभे राहतील, ज्यांच्या व्याख्या पुन्हा त्याच कलमात पाहाव्या लागतील. असे एका शब्दाकडून दुसऱ्या शब्दाकडे जाणे हेच कायद्याचे वाचन. एका सकाळी एवढे एक कलम झाले तरी पुरे. स्पष्टीकरणे, उदाहरणे, अपवाद आणि ‘परंतु’ने सुरू होणारी परंतुके ही कलमाची शेपटे समजून सोडून देण्याची खोड शाळेतल्या पाठांतरातून येते, ती या उन्हाळ्यातच मोडावी.

कलमानंतर निवाडा. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी करारविषयक कायदा असतो, म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १९१३ चा लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त हा छोटा निवाडा घ्यावा. गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून निघून गेला. त्यांनी आपला मुनीम लालमन याला मुलाच्या शोधासाठी हरिद्वारला पाठवले. तो गेल्यावर मागे मुलाला शोधून देणाऱ्यास ५०१ रुपये बक्षीस देण्याची पत्रके निघाली. लालमनला मुलगा सापडला, पण सापडला तेव्हा त्याला बक्षिसाची माहिती नव्हती. पुढे त्याने बक्षिसासाठी दावा लावला आणि तो हरला. वहीत चार गोष्टी लिहाव्यात: काय घडले, न्यायालयापुढे नेमका प्रश्न कोणता होता, उत्तर काय मिळाले आणि त्यामागचे कारण काय. कारण असे, की जो प्रस्ताव ठाऊकच नाही तो स्वीकारता येत नाही. शिवाय मुलाला शोधणे हे त्याच्या चाकरीतले कामच होते. हे लिहून झाल्यावर वही मिटावी आणि स्वतःला विचारावे, की मुलगा सापडण्याच्या एक दिवस आधी ते पत्रक त्याच्या हाती पडले असते तर निकाल बदलला असता का? येथे पहिले कारण गळून पडते, दुसरे उरते. एक वस्तुस्थिती बदलून पाहण्याचा हा सराव तीन-चार निवाड्यांवर केला, तर वर्गातला कोणताही प्रश्न अनपेक्षित वाटत नाही.

दुसरा निवाडा मुंबईचा घ्यावा. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा जुलै १९८५ चा निवाडा आहे आणि तो सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या उपजीविकेचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात येतो, असे त्यात म्हटले आहे, आणि गाइडमध्ये एवढेच छापलेले असते. म्हणून फुटपाथवासीयांच्या बाजूने निकाल लागला असे अनेक विद्यार्थी परीक्षेत लिहून येतात. निवाडा शेवटपर्यंत वाचला तर दिसते, की न्यायालयाने अतिक्रमण हटवण्याचा अधिकार महापालिकेला देणारे कलम वैध ठरवले, फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क मान्य केला नाही आणि पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, लोकांना हटवू नये असे सांगितले. तत्त्व जिंकले आणि माणसांची बिऱ्हाडे मात्र उठायची राहिली नाहीत. या दोन गोष्टी एकाच निवाड्यात कशा बसतात, हे समजायला मूळ पाने वाचावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निवाडे विनामूल्य मिळतात आणि काहींचे मराठी अनुवादही तेथे आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्यांची सर्वांत मोठी भीती इंग्रजीची असते, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. बहुतेक महाविद्यालयांत शिकवणेही इंग्रजीत चालते. पण ही भीती जाण्यासाठी इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला पैसे भरण्याची गरज नाही. एक दोन रकान्यांची वही करावी. एका बाजूला अधिनियमातला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला त्याच अधिनियमाच्या मराठी पाठातला शब्द: प्रपोजलसमोर प्रस्ताव, कन्सिडरेशनसमोर प्रतिफल, अबेटमेंटसमोर अपप्रेरणा, प्रोव्हायझोसमोर परंतुक. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश पाहावा. तो ऑनलाइन उपलब्ध आहे. रोज पाच शब्द पुष्कळ झाले. त्याबरोबर रोज एक इंग्रजी परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि त्याचा आशय मराठीत, कोणाला तरी समजेल अशा दोन-तीन वाक्यांत लिहावा. आपण ज्या विद्यापीठात जाणार तेथे मराठीत उत्तरे लिहिण्याची मुभा आहे का, तेही आधी विचारून घ्यावे.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हेच उलट दिशेने करावे लागते, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. तेथे दाव्याला कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, दिली जाते, कागदाला निशाणी क्रमांक पडतो, साक्षीदाराचा आधी त्याला बोलावणाऱ्या बाजूकडून सरतपास होऊन मग विरुद्ध बाजूकडून उलटतपास होतो, हुकूमनाम्याच्या, म्हणजे दाव्यातल्या अंतिम आदेशाच्या, अंमलबजावणीसाठी दरखास्त लावली जाते आणि त्या दिवशी काय झाले ते रोजनाम्यात लिहिले जाते. हे शब्द पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. न्यायालयात बसले की आठवड्याभरात आपोआप कानात बसतात.

न्यायालयात बसायला जरूर जावे, मात्र वेळ पाहून. मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते आणि उच्च न्यायालयातही सुट्टीतले पीठ तेवढे बसते. सीईटी लवकर झाली असेल तर एप्रिलमध्ये, नाहीतर सुट्टी संपल्यावर जूनमध्ये जावे. न्यायालय खुले असते. काही विशिष्ट प्रकरणे बंद दालनात चालतात, ती वगळता कोणीही नागरिक मागच्या बाकावर बसून कामकाज ऐकू शकतो. फोन बंद ठेवावा, छायाचित्र काढू नये, न्यायाधीश येताना-जाताना उभे राहावे, आणि शिपायाने विचारले तर विद्यार्थी आहे, कामकाज पाहायला आलो आहे, असे सरळ सांगावे. सकाळी अकराच्या पुकाऱ्यात भराभर तारखा पडताना पाहून पहिल्या दिवशी निराशा येते. उठून जाऊ नये. दुपारच्या जेवणानंतर एखाद्या प्रकरणात साक्ष सुरू होते तेव्हा वकील प्रश्न कसा विचारतात, साक्षीदाराचे उत्तर न्यायाधीश कोणत्या शब्दांत उतरवून घेतात, प्रश्नावर हरकत कधी येते, हे पाहावे. एखादे प्रकरण मनात भरले तर फलकावरचा त्याचा क्रमांक टिपून घ्यावा आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्याची पुढची तारीख पाहून त्या दिवशी पुन्हा जावे. एकाच प्रकरणाच्या तीन तारखा पाहिल्या, की विलंब का होतो, याविषयी वर्तमानपत्रातल्या दहा लेखांहून जास्त कळते. ज्यांच्या गावाजवळ न्यायालय नाही, त्यांनी ग्रामसभेला बसावे आणि विषयपत्रिकेवर काय होते आणि ठरावात काय लिहिले गेले, याची तुलना करावी.

इंटर्नशिपची मात्र आता घाई नको. बार कौन्सिलच्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे ठरलेले आहेत आणि ते शिक्षण चालू असतानाच्या काळात मोजायचे आहेत. ओळखीच्या वकिलांच्या कार्यालयात फाइली लावायला बसण्याची संधी मिळाली तर बसावे, पण प्रमाणपत्रासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.

शेवटचे काम घरातले आहे आणि ते मला सर्वांत मोलाचे वाटते. घरातल्या कपाटातले कागद बाहेर काढावेत: सातबारा, फेरफार, खरेदीखत, भाडेकरार, विम्याची पॉलिसी, सोसायटीचे कर्जाचे कागद. मी पहिल्या वर्षाला असताना सुट्टीत गावी गेलो होतो आणि आमच्या जमिनीचा सातबारा पहिल्यांदाच नीट वाचला. भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारे, म्हणून वडिलांची आणि काकांची नावे होती आणि दोन्ही आत्यांची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात होती. आजोबांना विचारले, तर ते म्हणाले, “अरे, मुलींची नावं तिथंच असतात.” मोठ्या आत्या तेव्हा तिथेच चहा गाळत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. त्या रकान्यात नाव असणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर त्या दिवशी घरातल्या कोणापाशीही नव्हते. ते शोधत मी जेवढे शिकलो, तेवढे एखाद्या सत्रातही शिकलो नसेन.

तुमच्या सातबाऱ्यावरही असे प्रश्न असतील. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये फेरफाराची नोंद कशी होते आणि नोटीस कोणाला द्यावी लागते ते वाचावे; कलम १५७ मध्ये नोंद खरी आहे असे केव्हापर्यंत धरायचे ते वाचावे. मग खरेदीखत आणि सातबारा यांतल्या कशाने मालकी येते, हा प्रश्न आपोआप पडेल. मुलींच्या हक्काबाबत महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा अधिनियमात दुरुस्ती केली होती, केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या ऑगस्ट २०२० च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ लावला. या तिन्ही तारखा आपल्या घरातल्या वाटणीच्या आणि मृत्यूंच्या तारखांशेजारी मांडाव्यात. घरच्यांशी वाद घालायला हे करायचे नाही आणि कोणाला सल्लाही द्यायचा नाही. तसा अधिकार अजून मिळालेला नाही. जे कळले नाही ते प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहावेत, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून संपूर्ण अभ्यासक्रम उतरवून घ्यावा, आणि वारसाहक्क, मालमत्ता हस्तांतरण, जमीन महसूल हे विषय कोणत्या सत्रात येणार ते पाहून प्रत्येक प्रश्नापुढे त्या सत्राचा क्रमांक टाकावा.